चार आण्यांचा शेअर

राग सूर्य मावळायच्या आत विसरावा, असं मला लहानपणापासून दर रविवारी सांगितलं गेलं. मी दर रविवारी मान डोलावली आणि राग घेऊन घरी आले. आमच्या ख्रिस्ती मंडळीत क्षमा करणारी माणसं गरजेपेक्षा जास्त होती. सगळ्यांनीच क्षमा केली तर ज्याने केलं त्याला कळणार कसं? एकीने तरी लक्षात ठेवायला हवं होतं. ते काम मी अंगावर घेतलं, आणि चांगलं केलं.

ज्याच्यावर राग होता त्याला मी दादा म्हणत असे. तो माझा सख्खा भाऊ नव्हता. जामखेडकडच्या कोरड्या मुलखातून कुणीतरी त्याला माझ्या वडिलांच्या शाळेत आणून घातलं, तेव्हा त्याच्या सदऱ्याला एकच गुंडी होती. बाबा श्रीरामपुरात मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्याची राहायची सोय होईना, म्हणून तो आमच्याच घरी राहिला. आई पहिली भाकरी त्याला वाढायची, कारण तो परका. आणि शेवटची पण त्यालाच, कारण तो वाढत्या अंगाचा. मधली माझ्या वाट्याला यायची. तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं. तो मला खांद्यावर घेऊन स्टेशनावर गाडी दाखवायला न्यायचा. गाव श्रीरामपूर, पण स्टेशनावर पाटी बेलापूरची, आणि खरं बेलापूर तिथून चांगलं दोन कोसांवर. असं का, हे मी त्याला दर वेळी विचारायची आणि तो दर वेळी नवीन कारण सांगायचा. सगळी खोटी, पण ऐकत राहावं अशी.

बोलणं हीच त्याची कमाई होती. आमच्या मंडळीत कापणीचा सण असतो. पिकं घरात आली की एका रविवारी ज्याने त्याने आपल्याकडचं चांगल्यातलं चांगलं देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आणून वेदीपुढे ठेवायचं. कुणी बाजरी, कुणी भोपळा, कुणी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की त्याच वस्तूंचा देवळाच्या आवारात लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. ह्या लिलावात माणसं वेडी होतात. एका लिंबासाठी दोन भावकीतली माणसं इरेला पेटलेली मी पाहिली आहेत. लिंबू कुणाला हवं असतं? दुसऱ्याला मिळू द्यायचं नसतं.

आमच्याकडे ह्या लिलावाला एक जुना नियम होता. जो लिलाव पुकारील त्याने आधी वस्तूची स्तुती करायची आणि पहिली बोली स्वतःच्या खिशातून लावायची. नुसती जीभ चालवायची नाही, एवढाच त्यामागचा अर्थ. पुढे कुणी चढवलंच नाही तर ती वस्तू त्याच्या गळ्यात. दादा मिसरूड फुटल्यापासून हा लिलाव पुकारायचा. किडक्या वांग्याची अशी तारीफ करायचा की बायका हसून हसून पदर तोंडात धरायच्या, आणि वांगं जायचंही.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या वर्षांत तो मुंबईला गेला आणि लढाई संपता संपता पँट घालून परत आला. मोटारसायकली बनवणाऱ्या एका कंपनीची एजन्सी त्याने आणली होती. यंत्राचे भाग विलायतेहून यायचे, जोडणी मुंबईत व्हायची, असं तो सांगे. बाजारपेठेच्या रस्त्यावर त्याने दुकान थाटलं. काचेच्या आड एक काळीभोर मोटारसायकल उभी केली. ती बघायला खेड्यापाड्यातून बैलगाड्या करून माणसं येत. उसाचा पैसा हातात खेळायला लागला होता, आणि पैसा आला की माणसाला आवाज करणारी वस्तू लागते. पहिल्या वर्षी गाड्या खरंच खपल्या. तो मंडळीचा पंचही झाला.

गाडी घ्यायची ऐपत मास्तरांची नव्हती, दवाखान्यातल्या नर्सबाईंची नव्हती, रेल्वेतल्या पॉइंट्समनची नव्हती. त्यांच्यासाठी दादाने दुसरी वस्तू आणली. एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून तो बाबांना म्हणाला, "मास्तर, गाडी घेता येत नाही ना? मग कंपनीच घ्या. शेअर घेतला की कंपनी तुमची. गाडी बेलापूरच्या पाटलाने उडवायची आणि नफा तुम्ही खायचा."

बाबा हसले. मी आतून ऐकत होते आणि मीही हसले, हे कबूल करताना मला आजही संताप येतो.

त्या वेळी मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाणार होते. ठरलंच होतं. मला शिक्षिका व्हायचं होतं, नुसती पोरांना गप्प बसवणारी नव्हे, शिकलेली, पगारी, कायमची. बाबांनी त्यासाठी वर्षानुवर्षं बाजूला टाकलेलं होतं. ते सगळं त्यांनी शेअरमध्ये घातलं. मला म्हणाले, "एक वर्ष थांब. भाव चढला की कॉलेजही होईल आणि तुला नवी ट्रंकही घेऊ." मला ट्रंक नको होती. पण बाबांचा चेहरा इतका उजळला होता की मी थांबले.

भाव चढलाही. मुंबईचं वर्तमानपत्र गाडीने शिळं होऊन यायचं. बाबा ते स्टेशनावर उभ्याउभ्याच वाचायचे. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत आजारी माणसांनंतर आणि पावसाच्या आधी कंपनी येऊ लागली. आई डोळे मिटूनच कपाळाला आठ्या घालायची. देवाला असल्या गोष्टी सांगू नयेत असं तिचं मत होतं, कारण तो ऐकतो.

मग पावसाळा आला आणि आमच्या मातीने कंपनीची परीक्षा घेतली. आमची जमीन काळी, चिकट. ओली झाली की चपला पायातून काढून घेते. ह्या गाडीचं मडगार्ड चाकाला अगदी लागून, दिसायला देखणं, गुळगुळीत. पण त्या फटीत माती शिरली की थापून बसायची, आणि चाक फिरायचंच बंद व्हायचं. मुंबईच्या डांबरावर हे कुणाला कळणार? बेलापूरच्या एका बागायतदाराची गाडी भर रस्त्यात अशी रुतली की त्याने बैल जुंपून ती घरी ओढून आणली. तो दादाच्या दुकानापुढे उभा राहून शांतपणे म्हणाला, "साहेब, गाडी लई झ्याक हाय. फकस्त बैल तेवढे संगं द्यायला पायजेत." ही गोष्ट चार दिवसांत तालुकाभर झाली.

त्यात नगरला लष्कराने लढाईतल्या जुन्या मोटारसायकली विकायला काढल्या. खाकी रंगाच्या, पोचे आलेल्या, पण उंच, दणकट आणि स्वस्त. चिखलाला त्या जुमानत नव्हत्या. पेट्रोल अजून कुपनावर मिळत होतं ते निराळंच. दादाच्या दुकानातली काळी गाडी काचेआड तशीच उभी राहू लागली, आणि वर्तमानपत्रातला भाव खाली सरकू लागला. इथल्यासारखंच इतर गावीही झालं असणार. बाबा स्टेशनावरून यायचे आणि सरळ पाय धुवायला जायचे.

"मास्तर, धीर धरा," दादा म्हणायचा. "आत्ता विकाल तर पस्तावाल. मी स्वतः धरून बसलोय की." हे तो नर्सबाईंना म्हणाला, पॉइंट्समनला म्हणाला, देवळाच्या पायरीवर उभा राहून सगळ्यांना म्हणाला.

आणि एके दिवशी बायकांच्या सभेत शिवण शिवता शिवता त्याची बायको माझ्या शेजारी बसली. वहिनी मनाने भोळी. नवऱ्याचं कौतुक पोटात मावेना म्हणून मला सांगून गेली, "आमचं नशीब बाई चांगलं. ह्यांनी आपले सगळे शेअर भाव वर होता तेव्हाच विकून टाकले. त्यातूनच घरावर मंगलोरी कौलं घातली."

सुई माझ्या बोटात गेली. मी ती काढली आणि शिवत राहिले. घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "त्याला गरज असेल." मी म्हणाले, "आणि आपल्याला?" ते म्हणाले, "तो आपल्याच घरात वाढला. त्याला कमीपणा येईल असं कुणापुढे बोलू नकोस." माझं कॉलेज गेलं ते त्या वाक्यात गेलं. शेअर बुडाल्याने गेलं असं मी मानत नाही. त्या संध्याकाळी बाबा नुसते उठून त्याच्या दारात उभे राहिले असते तर त्याने कौलं विकून पैसे दिले असते. बाबा उठले नाहीत. तेव्हा मी ठरवलं की मी उठेन.

कापणीचा सण जवळ आला. मी बाबांना विचारलं, "यंदा अर्पण काय न्यायचं?" ते दरवर्षीचंच उत्तर देतील हे मला ठाऊक होतं. "आपल्याकडे जे सर्वांत चांगलं ते." मी म्हणाले, "मग शेअरचा कागद नेऊ या?"

मला वाटलं होतं ते रागावतील, आणि मग मी चोरून नेईन. पण बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना माझी भक्ती दिसली. त्यांचा अजून कंपनीवर विश्वास होता, दादावर तर होताच. धुतलेल्या रुमालात तो जाड, वेलबुट्टीचा कागद त्यांनी स्वतः गुंडाळला आणि रविवारी बाजरीच्या टोपल्या आणि भोपळे ह्यांच्यामध्ये नेऊन ठेवला. पाळकसाहेबांनी सगळ्यावर आशीर्वाद मागितला. त्यात एक कोंबडी ओरडली. मी आमेन म्हणाले.

मग आवारात लिलाव सुरू झाला. दादा पंचांच्या टेबलामागे उभा. भोपळे गेले, अंडी गेली, कोंबडी तर तिप्पट भावाने गेली. तो रंगात आला होता. त्याने रुमाल उचलला, झटक्यात उघडला, आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. एवढ्या वर्षांत ती कधी चिकटली नव्हती.

"हे... हे आपण मागाहून घेऊ," तो म्हणाला.

समोरच एक म्हातारे शेतकरी घोंगडीवर बसले होते. मंडळीतले सगळ्यांत जुने. ते म्हणाले, "मागनं कशापाई? अर्पन हाय ते. सांगा की, काय हाय?"

"मास्तरांनी कंपनीचे शेअर दिलेत."

लोकांत कौतुकाची कुजबुज झाली. नर्सबाई पुढे सरकल्या, पॉइंट्समन उभा राहिला. त्यांचेही कागद घरी ट्रंकेत होते. त्यांना भाव ऐकायचा होता, आणि वर्तमानपत्रातला नव्हे, त्याच्या तोंडून.

"तारीफ करा, साहेब," म्हातारे म्हणाले. "आन् पयली बोली तुमची हाय."

मी बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत बसले होते. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. मला हवं होतं तेच. मी त्याच्या डोळ्याला डोळा देऊन बसले आणि पापणी हलवली नाही.

तो काय करणार होता? भारी बोली लावावी तर कुणी वर चढणार नाही, आणि पैसे स्वतःच्या खिशातून. कौलं त्याला अजून नवी होती. कंपनी चांगली आहे, असं काहीतरी तो पुटपुटला, आणि मग त्याच्यातला व्यापारी त्याच्या आधी बोलून गेला.

"चार आणे."

म्हाताऱ्यांनी घोंगडी सावरत म्हटलं, "ऑ? चार आनं? कोंबडी बरी की मंग." आणि सगळं आवार हसलं. हसणं थांबेना. नर्सबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मोठ्याने विचारलं, "मग आम्हाला धरून बसा का सांगत होता?" त्याचं तोंड वाळल्या गवारीसारखं झालं. मी ते तोंड पोटभर पाहिलं. आयुष्यात काही जेवणं लक्षात राहतात, तसं ते माझ्या लक्षात आहे.

तिथेच सगळं संपायला हवं होतं. पण पुरुषांच्या मागच्या रांगेतून बाबा उठले.

"बोली चालू आहे ना?" ते म्हणाले. आवाज वर्गात असायचा तसाच. "मग माझी घ्या. मी ज्या भावाने घेतले त्याच भावाने." हसू विझलं. बाबा पुढे म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्याला हसू नका. रोख माझ्याकडे नाही. माझी सायकल लिहून घ्या."

बाबांची सायकल देवळाच्या भिंतीला टेकलेली होती. त्या सायकलवरून त्यांनी आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांतल्या शाळा केल्या होत्या. मला तिच्या दांड्यावर बसवून बाराखडी शिकवली होती. मला उभं राहून ओरडावंसं वाटलं. दादावर नाही, बाबांवर. आपलाच कागद आपणच परत विकत घ्यायचा, तोही लुबाडणाऱ्याची लाज राखायला, हे कुठल्या शास्त्रात सांगितलं आहे?

पण नियम तो नियम. रोख नसेल तर बदल्यात दिलेल्या वस्तूचा तिथल्या तिथे लिलाव व्हायचा. आणि पहिली बोली पुकारणाऱ्याची. दादाने खाली मान घालून, बाबांनी शेअरसाठी मोजली होती तीच पूर्ण रक्कम पुकारली. शरमेने बोलला की भीतीने, मला ठाऊक नाही. मग त्याने वर पाहिलं. कुणीतरी चढवावं म्हणून तो एकेकाकडे बघत होता. मास्तरांची सायकल घ्यायला कोण पुढे येणार? म्हातारे जमिनीकडे बघत राहिले. शेवटी त्याला स्वतःच्याच बोलीवर स्वतःच एक वार, दोन वार, तीन वार म्हणावं लागलं.

पैसे देवाला मिळाले. कागद बाबांना परत मिळाला. सायकल दादाला मिळाली. मला फक्त ते हसू मिळालं, आणि त्यातलंही निम्मं बाबांनी काढून घेतलं. (असा कागद हातोहात विकता येत नाही, हे पुढे एका वकिलाने मला सांगितलं. त्या दिवशी आवारात वकील नव्हता.)

दुसऱ्याच दिवशी दादा सायकल घेऊन आमच्या दारात आला. बाबा म्हणाले, "देवाला दिलेलं मी परत घेत नाही." तो ती विकू शकेना, कारण घेणार कोण? दुकानात नेऊन त्याने ती मोटारसायकलीशेजारी उभी केली. मग गंमत झाली. लोक काचेला नाक लावून बघायचे ते मोटारसायकल नव्हे, मास्तरांची सायकल. गिऱ्हाईक आलंच तर भाव विचारून स्वतःच म्हणायचं, "चार आणे?" बाजारात त्याचं नावच पडलं, चार आणे साहेब. मी ते नाव कधी उच्चारलं नाही. फक्त कुणी विसरू लागलं की विषय काढायची.

नर्सबाईंनी आपले शेअर मिळेल त्या भावाने विकले. पॉइंट्समनने आपला कागद ट्रंकेच्या तळाशी अंथरला. कंपनीने दादाकडे गाड्या पाठवणं थांबवलं. वर्तमानपत्राने एके दिवशी तिचा भाव छापणंही बंद केलं, आणि आमच्या प्रार्थनेत आजाऱ्यांनंतर पुन्हा सरळ पाऊस आला. काचेआडची शेवटची गाडी मुंबईला परत गेली तेव्हा दादाकडे चाक असलेली एकच वस्तू उरली. तो मास्तरांच्या सायकलवर फिरू लागला, आणि मास्तर पायी. रस्त्यात समोरासमोर आले की तो उतरून उभा राहायचा. बाबा त्याची विचारपूस करायचे. मी बरोबर असले तर पुढे चालत राहायची.

पुण्याला मी गेलेच नाही. बेलापूरच्या शाळेत मला बिनट्रेनिंगची शिक्षिका म्हणून घेतलं, निम्म्या पगारावर, कधीही काढता येईल अशी. दोन कोस जायचं, दोन कोस यायचं, आणि पावसाळ्यात चपला हातात.

ते दशक सरता सरता दादाने दुकान मोडलं आणि गाव सोडायचं ठरवलं. वहिनी आणि सामान पुढे पाठवून तो एकटा आमच्याकडे आला, सायकल हातात धरून. बाबा बाहेर गेले होते. अंगणात मीच होते.

"मास्तर घेणार नाहीत," तो म्हणाला. "तू घे. रोज पायी जातेस असं ऐकलं." मग म्हणाला, "बाई, माझं चुकलं. मला क्षमा कर."

तो खरंच बोलत होता. खोटं बोलताना त्याचा आवाज किती गोड लागतो ते मला चांगलं माहीत होतं, आणि हा आवाज गोड नव्हता. आई आतून बघत होती. मी आता काय म्हणायला हवं ते तिला पाठ होतं, मलाही पाठ होतं.

सायकल मी घेतली. देवाला बाबांनी दिलं होतं, मी नाही. हँडल हातात घेऊन मी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले. लहानपणापासून मी त्याला अरेतुरे करत आले होते. त्या दिवशी केलं नाही.

"हवा कमी आहे," मी म्हणाले. "भरून आणा."

तो सायकल घेऊन गेला. सायकलवाल्याचं दुकान त्याच्या बंद दुकानाच्या बरोबर समोर होतं. दिवस बाजाराचा होता. सगळी पेठ बघत असताना त्याने पंप मारला आणि परत आला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मी पुन्हा टायर दाबून पाहिले. मागचा टणक झाला होता. पुढचा थोडा मऊ होता.

मी त्याला पुन्हा पाठवलं.